जुना पलंग आणि जयणा

विवाह ठरला की आपल्या व्यापारी घरांत दोन याद्या तयार होतात. पहिली दागिन्यांची, ती घरातील ज्येष्ठ स्त्रिया करतात. दुसरी नवदांपत्याच्या खोलीची. ती बहुधा फर्निचरच्या दुकानातूनच तयार होऊन येते. पलंग, भिंतभर कपाट, आरशाचे टेबल, उशाशी दोन छोटी कपाटे, असा एकाच रंगाचा संच. त्या दिवशी जुने सामान गोदामात, गच्चीवर किंवा भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते. दागिन्यांच्या यादीवर घरात आठवडाभर चर्चा होते. खोलीच्या यादीवर तासभरही होत नाही.

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात आमच्या चिरंजीवांचा विवाह ठरला. त्या वेळी घरात सासूबाईंच्या विवाहातील, १९६८ सालचे सामान होते. सागवानी पलंग, लंबगोल आरशाचे दुहेरी दाराचे कपाट आणि तीन खणांचे टेबल. लाकूड अलापल्लीकडचे, काम गावातल्याच सुताराचे. पलंगाचे सांधे खाचांत बसवलेले, खिळा क्वचितच. मात्र कपाटाच्या दारांतील प्लायवूडच्या फळ्यांवर कधीकाळी लावलेला हिरवा तेलरंग पोपडे धरून बसला होता आणि खणांच्या दर्शनी बाजूंवर डाग पडले होते. नव्या संचाचा भाव गादीसह १,८५,००० रुपये सांगितला गेला. त्यातील पलंग लाकडाचा भुसा आणि राळ दाबून केलेल्या फळ्यांचा होता. अशी फळी कडेने पाणी प्यायली की फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही.

सासूबाईंनी परिग्रह-परिमाण व्रत घेतलेले आहे. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात जमीन, घर, सोने, चांदी, धन, धान्य यांच्याबरोबर ‘कुप्य’ या नावाने घरातील सामानाचीही मर्यादा ठरवतात. सोन्याची मर्यादा आपल्या लक्षात राहते. पलंग-कपाटांची सहसा कोणी मोजत नाही. त्या मोजतात. परंतु आपले व्रत आपल्यापुरते, ते सुनेवर किंवा नातसुनेवर लादायचे नाही, असा त्यांचा कटाक्ष असल्याने त्यांनी या विषयात एक शब्दही काढला नाही. जुने सामान नवे करून घेण्याचा विचार माझा होता.

त्याला पहिला विरोध थोरल्या नणंदबाईंचा झाला. “वहिनी, लोक खोली पाहायला येतात. जुना पलंग दिसला की दुकान बसले म्हणतील,” असे त्या स्पष्ट म्हणाल्या. हे बोलणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. व्यापारात माल उधारीवर येतो तो पतीवर, आणि पत अशाच लहानसहान गोष्टींच्या कुजबुजीने डळमळते. यजमानांनाही ती चिंता होती. दुसरा प्रश्न अधिक नाजूक होता. नव्या आयुष्याच्या पहिल्याच दिवशी एखाद्या मुलीला दुसऱ्याचे वापरलेले सामान देणे, हा तिचा अनादर तर ठरणार नाही? काटकसर आपल्यापुरती असते तोवर तो संयम. ती दुसऱ्याच्या वाट्याला टाकली की कृपणता होते.

म्हणून आम्ही नियोजित सुनेलाच विचारायचे ठरवले. आणि तिने नकार दिला तर नवा संच आणायचा, हेही आधीच ठरवून ठेवले. ती आईसमवेत घरी आली, पलंगावर हात फिरवून पाहिला, खण उघडून पाहिले. मग म्हणाली, “मम्मी, गादी नवी हवी. आणि रंग, कागद मी निवडले तर चालेल का?” खोली तिची होणार असल्याने तिची परवानगी आवश्यक होती; तिने त्यापुढे जाऊन कामात सहभागच मागितला.

काम अक्षयतृतीयेची पारणी झाल्यावर, वैशाखात काढले. विवाह मार्गशीर्षात होता, तरीही चातुर्मासाच्या आत काम उरकणे आवश्यक होते. पावसाळ्यात हवेतील ओलाव्यामुळे रंग नीट सुकत नाही, कागदाखाली बुरशी धरते आणि जीवोत्पत्ती वाढते. या ठिकाणी रंगाऱ्याचा नियम आणि श्रावकाचा नियम एकच निघाला. पुढेही असे अनेकदा घडले.

पहिले काम पाहण्याचे. प्रत्येक खण बाहेर काढून, सांध्यांत उजेड पाडून, मऊ पुंजणीने हळुवार पुंजून घेतले. कोळ्यांची घरे, कोपऱ्यांतील किडे जपून बाजूला केले. पलंगाच्या मागील एका फळीला बारीक भोके होती आणि खाली ताजी, पिठासारखी पूड पडत होती. जुन्या लाकडात नुसती भोके असतील तर कीड केव्हाच निघून गेलेली असू शकते. पूड रोज नव्याने पडत असेल तर आत जीव आहे, असे समजावे. सुताराने औषध मारण्याचे सुचवले. आम्ही ती फळी अखंड उतरवली आणि गोदामामागील आवारात, झाडाखालच्या सावलीत परठवली. तिच्या जागी जुन्या दाराची एक निर्दोष फळी बसली.

यानंतर साहित्याचा प्रश्न आला. आपण ताटातील पदार्थाची चौकशी बारकाईने करतो. पलंगाच्या चकाकीची करत नाही. सुतार ज्याला चपड्याचे पॉलिश म्हणतात, ते लाखेपासून होते. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर राहणाऱ्या सूक्ष्म कीटकांचा स्राव. फांद्या खरवडून तो काढताना असंख्य जीवांचा घात होतो. श्रावकाने टाळावयाच्या १५ कर्मादानांत ‘लाक्षावाणिज्य’ आहे, आणि ‘वनकर्म’ही आहे. ही गणना व्यवसायांची आहे, हे खरे. पण जो व्यापार आपण करणार नाही, त्याच मालाचे ग्राहक होताना निदान क्षणभर थांबावे, एवढे तरी त्यातून निघते.

तीच गोष्ट सरसाची. सरस जनावरांची हाडे व कातडी उकळून करतात, आणि एकेकाळी सुतारकाम प्रामुख्याने त्यावरच चाले. महुवा गावचे बलवंत पारेख यांनी १९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आणला आणि सरसाला कृत्रिम पर्याय मिळाला. आज तो सर्वत्र मिळत असल्याने सरस टाळणे अवघड राहिलेले नाही. रंगाचे काही ब्रश डुकराच्या केसांचे असतात. नायलॉनचे मागून घ्यावेत. चकाकीसाठी मधमाश्यांच्या मेणाऐवजी कार्नोबा हे ताडाच्या जातीतील झाडाच्या पानांवरचे मेण मिळते. कागद चिकटवायला पूर्वी मैद्याची खळ वापरीत. ती झुरळांना आणि कसरीला आमंत्रण देते; आधी त्यांना अन्न घालायचे आणि मग औषध मारायचे, असा तो व्यवहार असल्याने तीही वर्ज्य केली.

सागवानाला रंग लावायचा म्हणताच सुतारदादा हातातील रंधा खाली ठेवून म्हणाले, “ताई, सागाचा रेषा झाकायचा नसतो.” त्यांचे म्हणणे योग्यच होते. सुनेलाही ते पटले. त्यामुळे पलंग आणि कपाटाची चौकट उघडी ठेवून घासली, जवसाचे तेल आणि मेण लावले. रंग फक्त दारांच्या फळ्यांना आणि खणांना दिला. जवसाच्या तेलाचे काम करणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर एकेक पसरून पूर्ण वाळवाव्यात. ज्यांच्या घराला लागून गोदाम आहे, त्यांनी तर यात हयगय करूच नये.

जुना तेलरंग काढतानाही सावधगिरी हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याआधीच्या रंगात शिसे अधिक असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांना विशेष घातक असते. म्हणून रंग कोरडा न घासता पाणी लावून ओला घासला, घासताना नाकाला रुमाल बांधला आणि मुलांना दूर ठेवले. आधी १२० क्रमांकाचा, मग २२० क्रमांकाचा पॉलिश पेपर. भेगांत लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल यांचे मिश्रण. त्यावर प्रायमर आणि पाण्यात मिसळणाऱ्या फिकट सायी रंगाचे दोन हात. रंगाचे काम केवळ दिवसा केले आणि सूर्यास्ताच्या पुष्कळ आधी थांबवले. दिव्याच्या उजेडाला आलेले किडे ओल्या रंगाला चिकटून मरतात, आणि शिवाय पृष्ठभागही खराब होतो. ब्रश धुतलेले पाणी गटारात न सोडता एका घमेल्यातील कोरड्या वाळूत जिरवले.

कागद निवडताना सर्वाधिक विचार करावा लागला. जुन्या पुस्तकांची पाने किंवा लग्नपत्रिका कापून फर्निचरवर चिकटवण्याची पद्धत हल्ली लोकप्रिय आहे. आपल्याला ती कशी चालेल? अक्षर असलेला कागद खणावर डकवणे ही ज्ञानाची आशातना. आणि पत्रिकांवर तर तीर्थंकरांच्या प्रतिमा, मंगल चिन्हे असतात. दुकानात मोर आणि हरणे छापलेला एक सुंदर कागद सुनेला आवडला होता. सासूबाईंनी तिला यशोधर राजाची कथा सांगितली. त्या राजाने खरा कोंबडा नव्हे, पिठाचा कोंबडा बळी दिला होता. तरी मारण्याच्या भावामुळे त्याला आणि त्याच्या मातेला अनेक दुःखद जन्म भोगावे लागले. “हरणाच्या मानेवरून कात्री चालवायची, ते कागदाचे असले तरी मनाला बरे वाटत नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. अखेर सुनेने वेलबुट्टीचा हातकागद निवडला. १९४० साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली, तेव्हापासून हा कागद महाराष्ट्राला परिचित आहे. सुती चिंध्यांपासून केलेल्या अशा कागदासाठी झाड तोडावे लागत नाही. काही कागदांना जिलेटिनचा लेप असतो. तेवढे विचारून घ्यावे.

कागद लावण्याची रीत सोपी आहे. आधी एका तुकड्यावर ओले बोट फिरवून रंग सुटतो का ते पाहावे. फळीच्या मापापेक्षा चारी बाजूंनी एक सेंटिमीटर अधिक कापावा. फेव्हिकॉल थोड्या पाण्यात पातळ करून फळीवर एकसारखा लावावा आणि कागद मध्यापासून कडांकडे कोरड्या कापडाने दाबत न्यावा, म्हणजे हवेचे फुगे राहत नाहीत. एक दिवस वाळू द्यावा, कडा पात्याने कापाव्यात आणि मग पाण्यात मिसळणाऱ्या पारदर्शक व्हार्निशचे तीन पातळ हात द्यावेत.

व्यापाऱ्याच्या घरातील कोणतीही गोष्ट जमाखर्चाशिवाय पूर्ण होत नाही. सुताराची मजुरी ७,२०० रुपये, रंग-तेल आदी साहित्य ६,८५० रुपये, कागद २,४०० रुपये आणि नवी गादी २२,००० रुपये. एकूण ३८,४५० रुपये. नव्या संचाच्या तुलनेत १,४६,५५० रुपये उरले. ही रक्कम सुनेच्या वाट्याची होती, म्हणून ती विवाहानंतर तिच्याच खात्यात जमा केली. त्यातून १५,००० रुपये तिने स्वतःहून पांजरपोळीला चाऱ्यासाठी पाठवले.

पाहुणे खोली पाहायला आले, तसे प्रश्नही आले. बाजारातील एका वयोवृद्ध आडत्यांनी यजमानांना आडून विचारलेच. यजमानांनी उत्तरादाखल खोली दाखवली, आणि त्या महिन्यातही सर्वांची देणी नेहमीच्या तारखेस चुकती केली. पत अखेर त्यावर टिकते. नणंदबाईंचे मत मात्र आजही बदललेले नाही, आणि त्यांना ते बाळगण्याचा अधिकार आहे. विवाहप्रसंगी खर्च करणारी घरे कमी धार्मिक, असे म्हणण्याचाही माझा हेतू नाही. एवढेच सुचवावेसे वाटते की, सामानाची यादी दुकानदाराने करण्यापूर्वी घरातील कपाटे उघडून पाहावीत. आणि जिला त्या खोलीत राहायचे आहे, तिला सर्वांआधी विचारावे.

विवाहानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मधल्या खणावरील कागदाचा एक कोपरा उचलला गेला. सुनेने तो कोणाला न सांगता पुन्हा चिकटवून टाकला. उरलेल्या कागदाची गुंडाळी आणि नायलॉनचा छोटा ब्रश तिने त्याच खणात, कपड्यांच्या घड्यांमागे जपून ठेवला आहे.