रणगाड्यातला चौथा गडी

बासष्टच्या हिवाळ्यात आमच्या पिढीतली बरीच मुलं शाळेत होती. घरोघरी जवानांसाठी स्वेटर विणले जात होते, आयाबहिणी संरक्षण निधीत हातातल्या बांगड्या काढून देत होत्या, आणि यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला निघाले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं मोठी माणसं अभिमानाने सांगत होती. चिनी सैनिक आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. पण अंगात कापूस भरलेला जाड कोट, कानांवर ओढलेली टोपी, पायात रबरी तळव्यांचे कापडी बूट आणि हातात आपल्या थ्री-नॉट-थ्रीपेक्षा भराभर चालणारी बंदूक, असं त्याचं चित्र मनात पक्कं बसलं होतं. त्याची भीती वाटायची, त्याचा संतापही यायचा. पण तो आपल्यासारखाच थंडीत कुडकुडणारा माणूस आहे, याबद्दल कधी शंका आली नाही.

आता त्याच सैन्याचं संचलन आम्ही फोनवर थेट पाहतो. ३ सप्टेंबर २०२५ रोजी बीजिंगमध्ये झालेल्या संचलनात माणसांच्या रांगा होत्याच, पण लक्ष वेधून घेतलं ते ड्रोननी आणि चार पायांच्या यंत्रलांडग्यांनी. पूर्वी एखाद्या धूसर छायाचित्रावरून जाणकार लेख लिहायचे, आता प्रत्येक तोफेची लांबी-रुंदी घरबसल्या कळते. ते पाहताना जुन्या सैन्याची आठवण येते आणि पाठोपाठ प्रश्नही पडतो. ज्या सैन्याने आपला पराभव केला, त्याच्या जुन्या रूपाबद्दल आपल्याला हुरहुर का वाटावी?

त्याचं एक कारण बासष्टच्याही आधीचं आहे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. कोटणीस तिथेच राहिले, आजच्या चिनी सैन्याची पूर्वज असलेल्या ‘एट्थ रूट आर्मी’च्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे ते आमच्या घराघरांत पोहोचले आणि त्यांच्याबरोबर ते सैन्यही पोहोचलं. त्या सैन्याच्या शिस्तीचे नियम सांगण्यासारखे आहेत. रात्री गावात मुक्काम पडला की सैनिक घरांच्या दाराच्या फळ्या उतरवून त्यांवर झोपत. सकाळी निघण्याआधी ज्याची फळी त्याच्या चौकटीत परत बसवायची, अंथरलेला पेंढा पुन्हा बांधून ठेवायचा, मागून आणलेली वस्तू परत करायची, आणि लोकांचा सुईदोराही घ्यायचा नाही. लढाईला निघालेली माणसं पहाटेच्या अंधारात कुणाचं दार कुठलं ते शोधत फिरताहेत, हे दृश्य डोळ्यांपुढे आलं की आजही बरं वाटतं.

आजच्या सैनिकाला कुणाची फळी मागावी लागत नाही. तिबेटच्या पठारावर त्याच्यासाठी उबदार बराकी आहेत, त्यांत प्राणवायू पुरवण्याची सोय आहे. २०२० साली लडाखमध्ये तणाव वाढला, तेव्हा पुढच्या ठाण्यांवरच्या सैनिकांना ड्रोनने गरम जेवण पोचवल्याच्या बातम्या चिनी माध्यमांनी कौतुकाने दिल्या. हलका ‘टाइप १५’ रणगाडा खास डोंगराळ मुलखासाठी बनवलेला आहे आणि १५५ मिलिमीटरची तोफ ट्रकवरच बसवलेली आहे. जिथे खेचरं दमून बसत, तिथे आता इंजिनं चढतात. गावकऱ्याशी बोलण्याची गरज मात्र उरलेली नाही.

म्हणून जुनं चांगलं होतं, असं म्हणायला आमची जीभ धजत नाही. १९५० च्या ऑक्टोबरात यालू नदी ओलांडून हे सैन्य कोरियात उतरलं, तेव्हा सैनिकाच्या खांद्यावरून तिरप्या टाकलेल्या कापडी नळीत भाजलेलं पीठ असायचं. गहू, सोयाबीन आणि थोडं मीठ, आपल्या सातूच्या पिठासारखंच. दिवसा चूल पेटवली की धूर दिसायचा आणि वरून विमानं यायची, म्हणून एक मूठ पीठ आणि एक मूठ बर्फ असं जेवण चालायचं. चांगजिन सरोवराजवळ तापमान उणे तीसपर्यंत उतरलं. दक्षिणेकडच्या उबदार हवेतून घाईघाईने आणलेल्या तुकड्या पुरेशा कपड्यांशिवाय त्या बर्फात पडून राहिल्या. हजारोंचे हातपाय थंडीने गेले, काही जण दबा धरून बसल्या जागीच गोठले. त्या पिठाची चव गोड मानून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

त्याच लढाईत बिगूल होता. वायरलेस संच वरच्या पातळीपर्यंतच असत, खाली कंपनीपर्यंत हुकूम पोचवायचा तो बिगूल, शिट्टी आणि आकाशात सोडलेल्या दिव्यांनी. रात्री डोंगरामागून बिगूल वाजला की समोरच्या अमेरिकनांच्या पोटात गोळा यायचा, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. बिगूलवाला हा पलटणीतला मानाचा माणूस होता आणि सर्वांत आधी टिपला जाण्याची भीतीही त्यालाच होती. पुढे वायरलेस आला, संगणक आले, उपग्रह आले आणि बिगूल मागे पडला. आणि मग २०१८ साली चिनी सैन्याने स्वतःच ठरवलं की बिगूल परत आणायचा. उठण्याचे, जेवणाचे, झोपण्याचे सूर छावण्यांत पुन्हा वाजू लागले, आणि १ ऑगस्ट २०१९ पासून, म्हणजे सैन्याच्या स्थापनादिनापासून, नवी बिगूलपद्धत रीतसर लागू झाली. इतकं आधुनिक झालेल्या सैन्यालाही काहीतरी हरवल्यासारखं वाटलं, याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. पण त्या सुरावर आता कुणाचा जीव अवलंबून नाही, हेही तितकंच खरं.

हुद्द्यांचंही तसंच. १९६५ साली चिनी सैन्याने सगळे हुद्दे काढून टाकले. टोपीवर लाल तारा, कॉलरवर दोन लाल पट्ट्या, बस्स. अंमलदाराच्या कोटाला चार खिसे आणि साध्या शिपायाच्या कोटाला दोन, एवढाच काय तो फरक. समतेची ही कल्पना आमच्या तरुणपणी अनेकांना भुरळ घालत होती. पण १९७९ साली व्हिएतनामच्या सीमेवरच्या लढाईत, डोंगर आणि धुक्यात वेगवेगळ्या तुकड्या एकमेकींत मिसळल्या, तेव्हा कुणी कुणाचा हुकूम ऐकायचा हेच कळेना. १९८८ साली हुद्दे परत आले, आणि येणं भागच होतं.

चिनी जवानाच्या घरी जाणारं पत्र बिनतिकिटाचं असायचं, त्यावर त्रिकोणी शिक्का. तो शिक्का दिसला की गावात बातमी व्हायची. आता सैनिकाकडे फोन आहे, ठरावीक वेळी तो आईचा चेहराही पाहतो. आईच्या बाजूने विचार केला तर यात वाईट काही नाही.

हे सगळं बदललं कशामुळे? वाळवंटातल्या एका लढाईमुळे. १९९१ साली अमेरिकेने इराकचे रणगाडे दुरूनच एकामागून एक फोडले. त्यांत चिनी बनावटीचे ‘टाइप ५९’ आणि ‘टाइप ६९’ही होते. बीजिंगच्या सेनापतींनी आपलीच यंत्रं जळताना पाहिली. दोन वर्षांत त्यांनी युद्धनीती नव्याने मांडली. त्याआधी चीनचे तेव्हाचे नेते डंग श्याओपिंग यांनी १९८५ साली दहा लाख माणसं कमी करायचं ठरवलंच होतं. पुढे पाच लाख, मग दोन लाख आणि २०१५ साली आणखी तीन लाख. २०१७ साली अठरा ग्रुप आर्मींच्या तेरा झाल्या. माणसं कमी होत गेली, यंत्रं वाढत गेली.

‘टाइप ५९’ मराठी माणसाला जवळून पाहता येतो. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानने लोंगेवालावर जे रणगाडे आणले, त्यांत हे चिनी रणगाडे होते, आणि जैसलमेरच्या सहलीला जाणारी आपली मंडळी त्यांच्याजवळ उभं राहून फोटो काढतात. तिथे चाकं बघावीत. एका बाजूला पाच, आणि पहिल्या-दुसऱ्यात जरा जास्त अंतर. त्यावरूनच तो ओळखायचा. आत चौघं बसायचे: चालक, कमांडर, नेम धरणारा आणि गोळा भरणारा. हा चौथा गडी बुरुजाच्या उजव्या अंगाला वाकून उभा राहायचा. बुरूज फिरायचा, पायाखालची जमीन मात्र फिरायची नाही, त्यामुळे फिरत्या तोफेबरोबर पावलं सरकवत तो सुमारे तीस किलोंचा गोळा उचलून आत सारायचा. आजच्या ‘टाइप ९९’ मध्ये गोळा यंत्र भरतं. गडी तीनच उरले आहेत. २०१८ साली चिनी दूरचित्रवाणीने एक जुना ‘टाइप ५९’ दाखवला, आत कुणीच नसलेला, दुरून चालवलेला.

तो पाहताना १९८९ चा जून आठवल्याशिवाय राहत नाही. सुईदोरा न घेणाऱ्या सैन्याने बीजिंगच्या रस्त्यांवर आपल्याच लोकांवर गोळ्या झाडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी हातात पिशव्या घेतलेला एक माणूस रणगाड्यांच्या रांगेपुढे उभा राहिला. पुढचा रणगाडा ‘टाइप ५९’ होता. तो एका बाजूने वळून पाहू लागला, माणूस तिकडे सरकला; तो दुसऱ्या बाजूला वळला, माणूसही सरकला. शेवटी रणगाडा थांबला. कारण आत लिव्हर धरून बसलेला कुणीतरी थांबला. आम्हाला हुरहुर वाटते ती त्याच्यासाठी.

पण या हुरहुरीवरही विसंबता येत नाही. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात, जुन्या करारांप्रमाणे गोळीबार करायचा नाही म्हणून, माणसं माणसांवर दगड, दांडके आणि खिळे ठोकलेल्या काठ्या घेऊन तुटून पडली. अंधार, उंची, बर्फाळ नदी. आपले वीस जवान गेले. चीनने आपले चार गेल्याचं पुढच्या वर्षी मान्य केलं. तिथे ड्रोन नव्हते, रणगाडे नव्हते, समोरासमोर माणसंच होती, आणि त्यांनी एकमेकांवर दया केली नाही.

चार वर्षांनी, २०२४ च्या ऑक्टोबरात, गस्तीबद्दल समझोता झाला आणि त्याच दिवाळीत सीमेवरच्या काही ठिकाणी दोन्हीकडच्या सैनिकांनी मिठाई दिली-घेतली. सणासुदीला असं भेटण्याची रीत जुनीच आहे, मधल्या कडवटपणात ती खंडित झाली होती. ते फोटो आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले. जाड कोटातले दोघे जण, एकाच्या हातात डबा, दुसरा तो घ्यायला हात पुढे करतोय. चौक्यांवर कॅमेरे आणि ड्रोन वाढोत, त्यांनी जीव वाचत असतील तर जरूर वाढोत. पण दोन्ही बाजूंना दिवाळीचा डबा घ्यायला एक माणूस तरी ठेवावा, असं आम्हाला वाटतं.