बँकॉक की व्हिएन्तियान? एका मूर्तीच्या दोन राजधान्या

डिसेंबरात आठ दिवस मोकळे आहेत आणि एका परदेश प्रवासापुरते पैसे साठले आहेत. आग्नेय आशियातील दोन राजधान्यांपैकी एकच नीट पाहता येईल: थायलंडची बँकॉक किंवा लाओसची व्हिएन्तियान. ज्यांना विचारले त्या सर्वांनी बँकॉकचेच नाव घेतले. ‘व्हिएन्तियानला पाहण्यासारखे आहे तरी काय?’ हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला की त्याचे उत्तर शोधणे हाच माझा प्रवासापूर्वीचा अभ्यास झाला. आजचा धागा त्या उत्तराचा. व्हिएन्तियानमध्ये जुने फारसे उरलेले नाही, हे खरे. ते का उरले नाही, याचे कारण मात्र बँकॉकच्या गाभाऱ्यात बसलेले आहे.

हा गाभारा म्हणजे बँकॉकच्या राजवाड्याच्या आवारातील ‘वात फ्रा केओ’ हे मंदिर. तेथील बुद्धमूर्ती जेमतेम ६६ सेंटीमीटर उंचीची. तिला पाचूचा बुद्ध म्हणतात. वास्तविक तो पाचू नव्हे, जेडसारखा हिरवा दगड आहे. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा लागताना राजा स्वतः तिचा पोशाख बदलतो. (उन्हाळ्यात विठ्ठलाला लागणारी चंदनाची उटी ज्याने पाहिली आहे, त्याला हे मुळीच परके वाटणार नाही.) बँकॉकच्या लांबलचक अधिकृत नावाची सुरुवात ‘क्रुंग थेप महा नाखोन अमोन रत्तनकोसिन’ अशी होते. थाई उच्चारांच्या पडद्याआडून देव, महानगर, अमर, रत्न, इंद्र हे आपले शब्द ओळखू येतात. ‘रत्तनकोसिन’ म्हणजे इंद्राचे रत्न, आणि ते रत्न म्हणजे हीच मूर्ती. राजधानीने आपली ओळखच तिच्यावरून सांगितली आहे.

ही मूर्ती बँकॉकची नव्हे. १७७९ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी वडगावला इंग्रजांनी मराठ्यांपुढे हात टेकले त्याच वर्षी, सयामचा राजा ताकसिन याच्या सेनापतीने व्हिएन्तियान जिंकले आणि लुटीबरोबर ही मूर्तीही नेली. तीन वर्षांनी तो सेनापती स्वतःच राजा झाला. तोच पहिला राम. १७८२ मध्ये त्याने बँकॉकला राजधानी वसवली आणि १७८४ मध्ये मूर्ती आजच्या जागी आणली. आजचे थाई राजघराणे त्याचेच.

व्हिएन्तियानमध्ये राजवाड्याशेजारी ‘हो फ्रा केओ’ नावाचे मंदिर आहे. नाव तेच, त्याच मूर्तीचे. मंदिर आहे, मूर्ती नाही.

एवढ्यावर थांबले तर गोष्ट सोपी होते: एक लुटारू शहर आणि एक लुटले गेलेले. मलाही आधी ती तशीच दिसू लागली होती. पण मूर्तीचा माग काढत मागे जावे, तसा हा सोपेपणा टिकत नाही. इतिवृत्तांत ती प्रथम दिसते १४३४ मध्ये, उत्तर थायलंडातील चियांग राय येथे. पुढे ती लाम्पांग आणि मग चियांग माई येथे पोहोचली. लान सांगचा, म्हणजे तेव्हाच्या लाओ राज्याचा राजपुत्र सेत्थाथिरात आजोळच्या वारशाने काही काळ चियांग माईच्या गादीवर बसला होता. सोळाव्या शतकाच्या मध्यात वडिलांच्या राज्यात परतताना तो मूर्ती सोबत घेऊन गेला, ती कायमचीच. १५६० मध्ये त्याने व्हिएन्तियानला राजधानी केली आणि तिच्यासाठी मंदिर बांधले. चियांग माईच्या माणसाने ‘आमची मूर्ती कुठे?’ असे विचारले, तर व्हिएन्तियानलाही खाली बघावे लागेल.

आपणही या प्रश्नापासून दूर नाही. चिमाजी अप्पांच्या वसई विजयानंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा देशावर आल्या. भीमाशंकरला, मेणवलीच्या घाटावर त्या आजही टांगलेल्या आहेत. आपण त्या अभिमानाने दाखवतो, त्यांच्यासमोर छायाचित्रे काढतो. पराभूताचे पवित्र चिन्ह आपल्या देवळात टांगले की विजय पक्का होतो, ही समजूत सयामी सेनापतीची एकट्याची नव्हती.

आता चाओ अनुवोंगकडे येऊ, कारण या दोन शहरांचा खरा निवाडा त्याच्या आयुष्यात झाला. व्हिएन्तियानचा हा राजपुत्र १७७९ च्या पराभवानंतर ओलीस म्हणून बँकॉकला नेला गेला आणि तरुणपणीचा बराच काळ तेथेच राहिला. १८०५ मध्ये तो सयामचा मांडलिक म्हणून व्हिएन्तियानच्या गादीवर आला. १८१८ मध्ये, ज्या सालाचे नाव काढताच आपल्याला पेशवाईचा शेवट आठवतो, त्याने ‘वात सी साकेत’ हे मंदिर बांधायला घेतले, तेही बँकॉकच्या धाटणीत. ज्या शहरात ओलीस राहिलो त्याचीच शैली त्याने का स्वीकारली असेल? निष्ठेचे प्रदर्शन म्हणून, की लहानपणापासून डोळ्यांना तेच सुंदर वाटत आले म्हणून? या एका प्रश्नासाठी ते मंदिर मला पाहायचे आहे.

१८२५ मध्ये दुसऱ्या रामाच्या अंत्यविधीसाठी अनुवोंग बँकॉकला गेला आणि पूर्वी पकडून आणलेली लाओ कुटुंबे परत मागितली. तिसऱ्या रामाने नकार दिला. तिकडे ब्रह्मदेशात ईस्ट इंडिया कंपनीचे युद्ध चालू होते आणि इंग्रज बँकॉकवरही चालून येणार, अशा अफवा होत्या. अनुवोंगने उठाव केला आणि तो फसला. १८२७ मध्ये सयामी सैन्याने व्हिएन्तियान घेतले. अनुवोंग व्हिएतनामच्या आश्रयाला गेला, परतला, पुन्हा हरला. १८२८ मध्ये शहर असे उद्ध्वस्त केले गेले की तेथे पुन्हा राजधानी उभी राहू नये. अनुवोंगला बँकॉकमध्ये पिंजऱ्यात घालून लोकांना दाखवण्यात आले. तेथेच त्याचा अंत झाला.

त्या विध्वंसातून वात सी साकेत वाचले. सयामी धाटणीमुळे ते सैनिकांना आपले वाटले, असे सांगितले जाते. त्याच्या ओवऱ्यांच्या भिंतींत कोनाडेच कोनाडे आहेत आणि त्यांत हजारो लहान बुद्धमूर्ती. त्याच आवारात युद्धात फुटलेल्या मूर्तींचा ढीगही जपून ठेवला आहे.

इमारतींपेक्षा मोठे नुकसान माणसांचे झाले. मेकाँगच्या डाव्या तीरावरून हजारो कुटुंबे सयामच्या बाजूला हलवली गेली. आज लाओ बोलणारे लोक लाओस देशापेक्षा थायलंडच्या ईशान्य भागात अधिक आहेत. मला विचाराल तर त्या युद्धाचे सर्वांत मोठे स्मारक हेच, आणि ते कोणत्याही प्रवासी नकाशावर नाही.

१८६७ मध्ये फ्रेंचांची मेकाँग मोहीम तेथे पोहोचली, तेव्हा राजधानीच्या जागी रानात बुडालेले अवशेष होते. पुढे १८९३ मध्ये लाओस फ्रेंचांच्या हाती गेला. त्यांनी व्हिएन्तियानला पुन्हा राजधानी केले, थात लुआंग हा प्रसिद्ध स्तूप जुन्या रेखाटनांवरून पुन्हा उभारला आणि हो फ्रा केओही नव्याने बांधले. यात पुरातत्त्वाचे प्रेम होते, तसाच ‘सयामने जाळले, आम्ही वाचवले’ हा सोयीचा दावाही होता. आजच्या साम्यवादी राजवटीलाही राजा हवासा वाटतो: २०१० मध्ये मेकाँगकाठी अनुवोंगचा भव्य पुतळा उभा राहिला. त्याचे तोंड नदीकडे, पलीकडच्या थायलंडकडे आहे. एक हात पुढे केलेला आहे. तो मैत्रीचा की जाब विचारणारा, यावर दोन्ही तीरांवर वेगवेगळी उत्तरे मिळतात.

बँकॉकच्या बाजूने माझ्याकडे एकच खरोखर वजनदार कारण होते: तिसऱ्या रामाच्या काळातील दरबारी कागद तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. जिंकणाऱ्याकडे कागद राहतात आणि अभ्यासक कागदांमागे जातो. त्यामुळे अनुवोंग बराच काळ ‘बंडखोर मांडलिक’ एवढाच राहिला. मयुरी आणि फेउइफान न्गाओसिवात या लाओ अभ्यासकांनी तीच लढाई लाओ बाजूने वाचून दाखवली, तेव्हा ‘बंड’ हा शब्दच वादाचा झाला. पण मला थाई लिपी वाचता येत नाही. आठ दिवसांत ते कागद माझ्यासाठी मुकेच राहतील. फुटलेल्या मूर्तींचा ढीग आणि रिकामे मंदिर पाहायला लिपी लागत नाही.

म्हणून व्हिएन्तियान. मुंबईहून बँकॉकला विमान आणि तेथून रात्रीची गाडी. २०२४ पासून ती नदी ओलांडून थेट व्हिएन्तियानपर्यंत जाते. पाचूचा बुद्ध या खेपेला राहील. त्याच्या दर्शनाला दरवर्षी लाखो लोक जातात; त्याची सोडलेली जागा आधी पाहावी, असे मला वाटते. तिकीट काढले आहे. धाग्यातील कोणी वात सी साकेतच्या ओवऱ्या पाहिल्या असतील, तर सकाळी जावे की दुपारी, एवढे जरूर कळवा. कोनाड्यांत ऊन केव्हा पडते, हे पुस्तकात सापडत नाही.