आख, पाटा आणि हवा

पिकअप गाडी खाली बसवायची की नाही, आणि बसवायची तर ती हवेच्या फुग्यांवर बसवायची की कसे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याजोगा आहे काय, अशी शंका काहींना येईल. आम्हांसही ती आली होती. परंतु गेल्या हंगामात या प्रश्नाने आमच्या घरात जितकी जागा व्यापली तितकी कोणत्याही ग्रंथाने व्यापली नाही, आणि म्हणून त्याविषयी लिहिणे भाग आहे.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. थोरला नागपुरात मराठी शिकवतो; धाकटा काटोलकडच्या बागांतली संत्री पिकअपमधून कळमन्याच्या बाजारात आणतो. गाडी एकाच्या नावावर असली तरी कर्ज दोघांचे आहे. तेव्हा येथले 'आम्ही' हे लेखकी थाटाचे नाही, ते हप्त्याचे आहे. बागेत कॅरेट भरायला एक मामा आहेत. अंबिया बहाराच्या दिवसांत वीसएक किलोंचे एकेक कॅरेट उचलून ते हौद्यावर ठेवतात, आणि हौदा त्यांच्या कमरेच्या वर येतो. मामांचा उजवा खांदा आता पूर्वीसारखा वर जात नाही. हौदा वीतभर खाली आला तर त्यांचे आणखी काही हंगाम निघतील, एरवी निघणार नाहीत, इतका हा व्यवहार उघड आहे. काम सोडून ते काय करतील, याचे उत्तर त्यांच्याजवळही नाही.

धाकट्याने फोनवर चित्रे दाखवली. अमेरिकेतल्या पिकअप, चाके मडगार्डात शिरलेली, पोट रस्त्याला टेकलेले. बटण दाबताच हवा भरते आणि गाडी उठून उभी राहते, जणू बसलेला उंट उठावा. या हौसेच्या मुळाशी एक कायद्याची गोष्ट आहे, ती थोरल्याला अधिक रुचली. कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाची तरुण मुले आपल्या मोटारी मुद्दाम खाली बसवून संथ फिरवीत. १९५८ साली तेथे नियम झाला की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेहून खाली येता कामा नये. १९५९ मध्ये रॉन अगिरे या तरुणाने आपल्या मोटारीस विमानातले जुने हायड्रॉलिक पंप जोडले: पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. तो निर्बंध उठण्यास २०२४ साल उजाडले. आमच्या गरजेत अर्थात असली ऐट नाही. त्यांना गाडी लोकांच्या डोळ्यांसमोर खाली हवी होती, आम्हांला ती बागेत, कुणी पाहत नसताना, अर्धा तास खाली हवी आहे.

मग आम्ही कमान पाट्यांचे काम करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि एकच वाक्य बोलले: "भाऊ, हवा वजन उचलते, पण आखाले धरून नाही ठेवत."

या वाक्यावर थोडे थांबले पाहिजे. पिकअपच्या मागच्या बाजूस पोलादी पाट्यांची चळत असते, तिला कमान म्हणतात. ती भार तोलते हे कुणालाही दिसते. तिचे दुसरे काम दिसत नाही: आख पुढेमागे सरकू नये, आडवा घसरू नये, ब्रेक लागताच पिळला जाऊ नये, हेही तीच पाहते. दोन टोके साटीला (मिस्त्री चासीस 'साटी' म्हणतात, बैलगाडीचा शब्द) आणि मध्य आखाला जखडलेला, एवढ्यावर हे सारे चालते. कमान काढून फुगे बसवले की पहिले काम हवा करते आणि दुसरे अनाथ होते. मग आखाला धरण्यासाठी चार दांडे लागतात, आडवा सरकू नये म्हणून आणखी एक. त्यांच्या बुश, त्यांची वेल्डिंग. शिवाय आखाला वर सरकायला जागा हवी, म्हणून साटीला खालून खाच पाडून ती पुन्हा सांधावी लागते.

थोरल्याला येथे कवी अनिल आठवणे अपरिहार्य होते. नागपूरशी निकटचे नाते असलेल्या या कवीने मराठीत मुक्तछंद रुजवला, १९४० च्या 'भग्नमूर्ती'त खंडकाव्यासारखा भार त्यावर टाकून पाहिला. आणि त्याच कवीने पुढे दहा ओळींचा बांधीव घाट घडवून 'दशपदी' लिहिली. वृत्त केवळ लय वाहते असे वाटते. ते काढल्यावर ओळीला जागेवर कोण धरून ठेवत होते ते कळते. धाकट्याचे म्हणणे, कवितेचा आख सरकला तर कुणी मरत नाही. ते मान्य करावे लागले.

दुसरा मार्ग स्वस्त आहे: पाटे तसेच ठेवायचे आणि पाटा व साटी यांच्यामध्ये साहाय्यक फुगे बसवायचे. पण हे फुगे मागची बसलेली गाडी वर उचलतात. हवा सोडली तरी गाडी पाट्यांच्या मूळ उंचीहून खाली जात नाही. आम्हांला नेमके उलट हवे होते. पाटे कमी करून खाली आणावी तर भरलेल्या गाडीत हवेवर सगळी भिस्त, आणि रात्री कोंढाळीच्या पुढे एखादी नळी फुटली की आख साटीवर आदळणार. दोन्ही फुगे एकाच नळीवर ठेवले तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा उचललेल्या बाजूत पळते आणि गाडी अधिकच कलंडते, म्हणून नळ्या वेगळ्या हव्यात. आणखी एक गोष्ट मिस्त्रींनी दाखवली, जी चित्रांत कधीच दिसत नाही. काही पिकअपच्या मागच्या आखाजवळ ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो. आख आणि साटी यांतले अंतर पाहून तो ओझ्याचा अंदाज बांधतो. अंतर कमी म्हणजे ओझे जास्त, मग मागच्या चाकांना ब्रेक जास्त. भरलेली गाडी हवेने वर उचलली की या व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते. टनभर संत्री मागे, आणि ब्रेक रिकाम्या गाडीचा.

कायद्याने तर प्रश्न जवळजवळ मिटवलाच आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केला: निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस दाखवावा लागतो. साटीवरची वेल्डिंग तेथे लपत नाही. बस आणि मोठ्या ट्रकांत कारखान्यातूनच हवेची कमान येते, आणि नाजूक माल तिच्यावर कमी हिंदकळतो, हे खरे आहे. आमच्या किमतीच्या गाडीत ती येत नाही, हेही तितकेच खरे.

या सगळ्या वादात मामांना कुणी विचारले नव्हते. विचारल्यावर ते म्हणाले, "गाडी कायले खाली करता? मागं उलाळ झाली तं संत्री बी जाईन अन् गाडी बी." उलाळ म्हणजे मागे जड, पुढे जड ती धुरजड. बंडी भरताना हे दोन शब्द बोलल्याशिवाय काम होत नसे. मामा आजही पिकअप भरताना पहिली कॅरेटे केबिनलगत लावतात. थोरल्याने वर्गात हे शब्द विचारले, तेव्हा तीस मुलांपैकी एकीने हात वर केला. तिच्या घरी अजून बंडी आहे.

आम्ही गाडीला हात लावला नाही. बागेच्या धुऱ्याजवळ हातभर खोल, तळ सपाट असलेली खणी खणली, गाडी उतारावरून मागे मागे आत घ्यायची. फाळका उघडला की हौदा काठावर उभ्या माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर येतो. काळी जमीन पाण्याने चिकट होते म्हणून तळाला मुरूम टाकला. खर्च फुग्यांच्या तुलनेत नगण्य. पण ही सोय एकाच बागेत आहे, आणि आम्ही सात बागांतून माल उचलतो. दोन मालकांनी खणायला होकार दिला आहे, एकाने झाडाची मुळे तुटतील म्हणून नकार. कळमन्यात उतरवणारे हमाल निराळे, त्यांच्यासाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे, आणि हौद्याची उंची तेथे आहे तेवढीच आहे.

मामांनी खणी पाहून आणखी चार बोटे खोल करा म्हणून सांगितले. भरलेली गाडी तेवढ्या उतारावरून मुरमावर चाक न घसरता वर निघते का, हे पुढच्या तोडीला पाहायचे आहे.