चंचीतला रुपया

मे महिन्यात गावचं जुनं घर उतरवायला घेतलं. वाईपासून सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात आजोबांचा कोट, दांडी तुटलेला अडकित्ता आणि सगळ्यात खाली पणजोबांची चंची निघाली. चंची हल्लीच्या मुलांना ठाऊक नसते. पानसुपारीची कापडी पिशवी, कप्प्याकप्प्यांची, गुंडाळून नाडीने बांधायची. बाहेरच्या कप्प्यांत सुपारीचा भुगा होता. सगळ्यात आतल्या कप्प्याचं तोंड मात्र कुणीतरी दोऱ्याने शिवून टाकलेलं. चुलतभावाने ब्लेडने टाके उसवले आणि एक रुपया बाहेर घरंगळला.

राणी छाप. एका बाजूला मुकुट घातलेली राणी आणि इंग्रजीत ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीच्या आत ‘वन रुपी इंडिया 1885’. काळा पडलेला, कडेला एक टवका उडालेला. तो टवका मी तेव्हाच पाहिला होता. जुनं नाणं आहे, कुठेतरी आपटलं असेल, असं म्हणून सोडून दिला.

मग सल्ल्यांचा पाऊस. भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, त्यात असल्या रुपयाला पाच लाख मिळतात म्हणे. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून लोकांकडून ‘कमिशन’ उकळतात, अशी सूचना खुद्द बँकेनेच 2021मध्ये काढली होती. पण ती कोण वाचतो! शेजारचे निवृत्त तलाठी म्हणाले, “कलेक्टरला कळवा, नाहीतर आत जाल.” ते अगदीच काही हवेत बोलत नव्हते. 1878चा कायदा आहे. जमिनीत किंवा जमिनीला पक्क्या असलेल्या कशात दडवलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं, तर कळवावं लागतं. आमचा रुपया ट्रंकेत होता. भिंतीत निघाला असता तर मलाही तलाठ्यांचं ऐकावं लागलं असतं.

तोवर चुलतभावाने ब्रशवर दंतमंजन घेऊन नाणं घासायला सुरुवात केली होती. मी ओरडलो. जुनं नाणं कधी घासू नये, वरचा काळा थर गेला की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमतही जाते. पण राणीचा अर्धा गाल तोवर उजळला होता. तो पांढरा न दिसता किंचित पिवळट दिसला. मला वाटलं, मंजनाचा रंग असेल.

वाईत एका सराफाला दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाणं दोनदा उलटंपालटं केलं आणि म्हणाले, “चांदीच आहे. चांदीच्या भावाने घेतो.” मी दिला नाही. ते मला फसवत होते असं नाही, त्यांना खरंच तसं वाटलं असणार.

पुण्याला आल्यावर मी रीतसर मागे लागलो. आधी लिखाण तपासलं. नकली नाणी पाडणारे नेमके इथे चुकतात: 1862च्या रुपयावर ‘एम्प्रेस’ लिहून ठेवतात. राणी सम्राज्ञी झाल्याचा दिल्ली दरबार भरला 1877च्या 1 जानेवारीला. त्याआधीच्या रुपयांवर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ असतं, नंतरच्यांवर ‘एम्प्रेस’. आमचा 1885चा, तेव्हा तिथे तो पास. चुंबकाला चिकटला नाही, तेही पास. अर्थात चुंबकाच्या परीक्षेला काही अर्थ नाही. पितळ, तांबं, शिसं, कथील, कुणीच चिकटत नाही.

मग आईच्या देवघरातला रुपया मागून आणला. हा राजा छाप, पंचम जॉर्जचा, 1917चा. दर लक्ष्मीपूजनाला ताम्हनात असतो आणि आमच्यापुरता तरी त्याच्या खरेपणाबद्दल वाद नाही. दोन्ही एकेक करून बोटाच्या टोकावर तोलले आणि पेन्सिलीने टिचकी दिली. आईचा रुपया वाजला, आणि वाजतच राहिला. बारीक, उंच, देवघरातल्या घंटेचा शेवटचा सूर असतो तसा. चंचीतला ‘टक्’ म्हणून गप्प. खणखणीत नाणं म्हणजे काय, हे इतकी वर्षं बोलत होतो; ऐकलं त्या दिवशी. तरी मन मानेना. नाण्याला आत बारीक चीर असली तर खरंही बद्द वाजतं, हे मला ठाऊक होतं आणि त्या घडीला ते फार सोयीचं होतं.

म्हणून काटा. कलदार रुपया म्हणजे एक तोळा: 11.66 ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग हिणकस. मिलिग्रॅमच्या दहापटीपर्यंत दाखवणारा छोटा काटा मी मागवला. आईचा भरला 11.58, म्हणजे वापरात झिजलेला. चंचीतला 10.92. पाऊण ग्रॅम कमी. झीज म्हणावी तर राणीच्या मुकुटावरची नक्षी बऱ्यापैकी शाबूत.

शेवटची परीक्षा पाण्याची. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणला. मग रुपयाला दोऱ्याचा फास घालून तो पाण्यात पुरता बुडवला, पण तळाला किंवा कडेला टेकू दिला नाही. नाण्याने जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढ्याचं वजन काट्यावर उमटतं. नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागायचं, की झालं. आईच्या रुपयाला आकडा आला 1.12, भागाकार 10.34, या मिश्रणाच्या चांदीचा असायला हवा तितकाच. चंचीतल्या रुपयाला आला 1.28. माझा हात हलला असेल म्हणून तीनदा केलं. 1.28च. भागाकार साडेआठच्या आसपास. हे पितळेचं घर.

म्हणजे वजनाला हलका, तरी अंगाने जाड. दोन्ही रुपये शेजारी उभे धरले तेव्हा तो फरक नखालाही लागला. भिंगाखाली तर काही लपलंच नाही. राणीच्या गालावर सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं आणि अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या गोल. ठशाखाली दाबलेलं नाणं असं नसतं, हे साच्यात ओतलेलं होतं. वर चांदीचा मुलामा. वाईच्या सराफांना दिसला तो हा मुलामा.

आणि तो टवका. भिंगाखाली त्याच्या दोन्ही बाजू सरळ होत्या. आपटल्याने असा टवका उडत नाही. कडेला छिन्नी ठेवून कुणीतरी घाव घातला होता, आत काय आहे ते बघायला. घावाच्या तळाशी पिवळं चमकत होतं. मी काटा, वाटी, दोरा घेऊन दोन रविवार घालवले. कुण्या सराफाने तेच काम एका घावात उरकून निकाल पणजोबांच्या हातावर ठेवला होता.

आत्याला फोन केला. ती म्हणाली, “अरे, आजोबा त्या चंचीला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, लक्ष्मीचा रुपया असेल.” त्यांना तो कुणी दिला, कशाच्या बदल्यात, हे तिला माहीत नाही. सोळा आणे बुडाले याची चरफड झाली असणार. पण टाके का घातले? खऱ्या रुपयांत चुकून मिसळू नये म्हणून, की दिवेलागणीला कुणाच्या तरी हातावर ठेवायला जपून? आत्याला दुसरी शक्यता मुळीच आवडली नाही. घरातले बाकीचे राणी छाप लग्नांत, दुष्काळात, दवाखान्यात केव्हाच मोडले गेले, एवढं तिने सांगितलं. खोटा तेवढा राहिला, कारण तो कुठे चालतच नव्हता.

भाच्याला निकाल कळवला. त्याने रडक्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं.

आईचा रुपया पुसून देवघरात ठेवला. दुसरा तिथे नको म्हणून एका छोट्या पाकिटात घालून टेबलाच्या खणात टाकला. आणि चुकून बाहेर येऊ नये म्हणून पाकिटाच्या तोंडाला स्टेपलरच्या दोन पिना मारल्या.