फडक्याची उष्णता

हल्ली ऑफिसात कुणाचाही ड्रॉवर उघडा, एक गुळगुळीत हिरवा दगड हमखास सापडतो. गुआ शा! रोज पाच मिनिटं गालांवर फिरवला की म्हणे चेहरा खुलतो. मूळ चिनी प्रकार मात्र इतका नाजूक नाही हां. 'गुआ' म्हणजे खरवडणं आणि 'शा' म्हणजे खरवडल्यावर कातडीवर उठणारे लाल-जांभळे डाग. पाठीला तेल लावायचं आणि म्हशीच्या शिंगाच्या पट्टीने, चमच्याने नाहीतर नाण्याने डाग उठेपर्यंत ओढायचं. 2001 साली याच नावाचा एक चिनी सिनेमा आला होता. अमेरिकेत सेंट लुईसला आजोबा नातवाला गुआ शा करतात, पाठीवरचे डाग बघून लोकांना वाटतं पोराला मारलंय, आणि प्रकरण थेट कोर्टात!

आता तुम्ही म्हणाल, हे चीनचं झालं, आपलं काय? आपली काशाची वाटी की! आमच्या सेलूला (जिल्हा परभणी) उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. मग रात्री गच्चीवर अंथरुणं पडली की आई तूप आणि वाटी घेऊन बसते. तळपायाला तूप लावून वाटी गोल गोल घासायची. दहा मिनिटांत तळवे काळेकुट्ट. "बघ, किती उष्णता निघाली!"

चीनमध्ये लाल डाग म्हणजे आतला दोष बाहेर आला, आपल्याकडे काळा रंग म्हणजे उष्णता बाहेर आली. दोन्हीकडे पुरावा डोळ्यांसमोर. पण आपण पडलो इंजिनियर, टेस्टिंग केल्याशिवाय चैन पडत नाही. एका सुती फडक्याला तूप लावलं आणि तीच वाटी घासली. फडकंही काळं! कासं म्हणजे तांबं आणि कथील, घासलं की धातूच तुपात उतरतो. आता फडक्याला कुठली आली उष्णता?

"दिवसभर उन्हात वाळत होतं ना ते," आई म्हणाली. बोला आता :)

गुआ शाच्या डागांचंही तसंच. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त झिरपतं, चार-पाच दिवसांत डाग जातो. विष वगैरे काही नाही. पण म्हणून सगळंच थोतांड का? तसंही नाही. 2007 मध्ये 11 निरोगी लोकांवर मोजलं तेव्हा खरवडलेल्या जागी कातडीतला रक्तप्रवाह पहिली साडेसात मिनिटं चौपट झालेला दिसला. 2011 मध्ये जर्मनीत मानदुखीच्या 48 पेशंटांवर प्रयोग झाला, त्यात गुआ शा केलेल्यांना आठवड्यानंतर शेकापेक्षा जास्त आराम होता. प्रयोग लहान आहेत, पण आराम खरा. आणि आईने पाय चोळल्यावर लागणारी झोपही खरी, त्याला कुठला रिसर्च पेपर लागतो?

मग आक्षेप कशाला? सांगतो. दोन वर्षांपूर्वी बाबांचे तळपाय डिसेंबरातही जळायला लागले. घरात निदान तयार, "अंगात उष्णता फार झालीय." रोज वाटी, रोज तळवे काळे, म्हणजे रोज उपचार लागू पडल्याचा पुरावा! मला ते थंडीचे दिवस खटकले. हट्टाने रक्त तपासायला नेलं. रिपोर्ट आला, मधुमेह. डॉक्टर म्हणाले, तळपायांची आग हे साखरेने नसांवर परिणाम होत असल्याचं लक्षण असू शकतं, बी-12 कमी असलं तरी असं होतं. शिवाय अशा पायांची संवेदना कमी होते, जोरात घासून जखम झाली तरी कळत नाही.

वाटीने बाबांना आराम मिळत होता, तेवढ्यापुरता. पण काळा रंग दिसला की कुणी पुढचा प्रश्न विचारत नव्हतं. गडबड तिथे होती.

आता बाबांची गोळी आधी, वाटी नंतर, तीही हलक्या हाताने. तळवे अजूनही काळे होतात आणि उष्णता निघाल्याचं आई अजूनही सांगते. असो. तुमच्या घरी कुणाचे तळपाय जळत असतील तर वाटी खुशाल फिरवा, पण या सोमवारी साखर तपासून घ्या.