अर्धा कोयता

दिवाळी सरली की केजकडच्या ऊसतोड टोळ्या मांजरसुंब्यावरून पाटोदा, जामखेडकडं निघतात. औंदा त्याच चौकाजवळ मी गाडी मुक्कामी लावली. आत गादी, शेगडी, पाण्याची टाकी. एकट्याचं फिरतं घर.

शेजारी ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी. वर निजलेली लेकरं. आई-बापानं घेतलेली उचल फिटेस्तोवर मीही असाच निजत गेलो होतो.

एक म्हातारी डोकावली. "कोणत्या कारखान्याला?"

"कुठंच नाही मावशी. फिरतोय."

"एकलाच?" नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. ती हसली, "मंग अर्धाच कोयता की रं!"

हौसेनं फिरतोय म्हणायला जीभ रेटेना. तिची कळशी टाकीतून भरून दिली.

पहाटे टोळी हलली. ट्रॉलीतलं एक पोर जागं होतं, माझ्या गाडीकडं बघत.