वाळूतली उलटी अक्षरं

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी गावाकडची, गोठ्यामागची पडवी रिकामी करायला घेतली होती. भंगारवाला दारात काटा लावून बसलेला. बैलगाडीच्या धावा गेल्या, मोटेचं चाक गेलं, गंजलेल्या पाट्या गेल्या. शेवटी धाकट्या भावानं लोखंडी नांगर ओढत आणला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हा नको."

"ताई, दावणीला बैल नाहीत, पंधरा वर्षं झाली. ठेवून काय करायचं?"

मी उत्तर दिलं नाही. खाली बसले, ओल्या फडक्यानं बिडाच्या भागावरची माती पुसली. हळूहळू ओतीव अक्षरं वर आली : किर्लोस्कर.

माझा आज्जा किर्लोस्करवाडीच्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, वाळूचे साचे करणारा मोल्डर होता. आमचं गाव कुंडलपासून पायी तासाभरावर. आज्जा पहाटे भाकरी बांधून निघायचा आणि दिवस मावळल्यावर यायचा तो केसांत, भुवयांत काळी वाळू घेऊन. आज्जी त्याला उंबऱ्याच्या बाहेरच अंग झटकायला लावायची. वाऱ्याची दिशा जुळून आली तर वाडीचा भोंगा आमच्या रानापर्यंत ऐकू यायचा. घरात घड्याळ नव्हतं. भोंगा झाला की आज्जी चुलीवर पाणी ठेवायची.

वाडीला तो नुसतं 'वाडी' म्हणायचा, माहेराबद्दल बोलावं तसं. ती कशी वसली हे त्यानं मला इतक्यांदा सांगितलं होतं, की ते मी स्वतः पाहिलं असावं असं वाटतं. बेळगावात कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांपुढं प्रश्न होता, जायचं कुठं? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ दिला. साल 1910. माळावर निवडुंगाचं रान आणि त्यात नाग. ते तोडून आधी शेड उभी राहिली, मग घरं, मग वस्ती. पुढं स्टेशनचंही नाव बदलून किर्लोस्करवाडी झालं.

लोखंडी नांगर त्याआधी बेळगावातच तयार झाला होता, पण घेणार कोण? लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले 40 नांगर खपायला दोन वर्षं लागली. आमचा पणजाही नाही म्हणणाऱ्यांतलाच. "काळ्या आईच्या पोटात लोखंड घालणार नाही," हा त्याचा हेका. मग शेजारच्या रानात लोखंडी नांगर चालला. लाकडी नांगर जिथं वरवर ओरखडा काढायचा, तिथं यानं ढेकळं उलथली, हरळीची मुळं उन्हात उघडी पाडली. त्या रानाची पुढच्या सुगीची ज्वारी पाहून पणजा काही बोलला नाही, सरळ नांगर आणायला गेला. पडवीतला नांगर त्यानंतरचा, आज्जाच्या काळातला.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. "तोफंचा नांगर झाला गं," असं म्हणताना आज्जाचा आवाज बदलायचा. रात्रीच्या पहाऱ्याला लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली होती, तेही तो सांगायचा. ज्यांना गावात कुणी उभं करत नव्हतं, त्यांच्या हाती कारखान्याची रात्र सोपवलेली. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, हा तर नियमच होता.

एकच गोष्ट सांगताना तो खाली बघायचा. गांधीजींच्या हत्येनंतर 1948 साली जाळपोळ झाली, तिच्यात कारखानाही पेटला. दुसऱ्या दिवशी तो गेला तेव्हा साचे करायचे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, ठेवायच्या जागी राख होती. "पुन्यांदा उभं केलं," एवढंच म्हणून तो तंबाखू मळायला घ्यायचा.

आज्जा शाळेत गेलेला नव्हता. एकदा मी विचारलं, मग वाचायला कुणी शिकवलं? तो म्हणाला, "वाळूनं."

अंगणातल्या मातीत त्यानं मला दाखवलं होतं. पेटीत पॅटर्न ठेवायचा, वर चाळलेली वाळू घालायची, ठोकून घट्ट करायची. मग पॅटर्न अलगद उचलायचा. खाली जी पोकळी उरते तिच्यात लोखंडाचा रस ओतायचा. पॅटर्नवर अक्षरं असली की वाळूत ती उलटी उमटतात. एक कण ढासळला तरी अक्षराचा पाय तुटतो, म्हणून फुंकर मारून, बारीक पात्यानं ते नीट करायचं. "वाळूला घाई चालत न्हाई, बाळ." वर्षानुवर्षं रोज उलटी अक्षरं पाहून आज्जाला आधी ती ओळखू यायला लागली, सुलटी नंतर. त्याच माळावरून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू झालं होतं, 1930 साली 'स्त्री'. कुणीतरी वाचून टाकलेले जुने अंक आज्जा घरी आणायचा. कंदिलाखाली एकेक अक्षर बोटानं दाबून वाचायचा, जणू तेही वाळूतलंच होतं. आज्जीपुढं तो 'स्त्री'तला लेख वाचत बसलेला मला स्वच्छ आठवतो. माझ्या आईला सातवीपुढं शिकू द्यायचं त्यानंच ठरवलं. मी शिक्षिका झाले त्याचं मूळ त्या वाळूत आहे, असं मी मनापासून मानते.

तेव्हाचा दक्षिण सातारा 1960 साली सांगली जिल्हा झाला. माळावर आता ऊस आणि द्राक्षं आहेत. वाडीत आजही पंप बनतात. सांगलीहून रेल्वेनं जाताना किर्लोस्करवाडी आली की मी खिडकीशी सरकते. नाव एका घराण्याचं आहे, ते असावंच. पण ते अक्षर वाळूत शाबूत ठेवणारे हात आमच्यासारख्या शेकडो घरांतले होते. ते कुठं लिहिलेलं नाही, म्हणून आम्ही सांगत राहायला हवं.

नांगर भंगारात गेला नाही. खंडेनवमीला भावानंच तो धुतला, तेल लावलं, पाटावर ठेवला. हळद-कुंकू वाहून झाल्यावर आयटीआयला जाणारा भाचा विचारायला लागला, "आत्या, उलटी अक्षरं म्हणजे कशी?"

मी परड्यातून ओल्या मातीचा गोळा आणायला लावला. त्यानं तो अक्षरांवर दाबला आणि घाईनं उचलला. पहिल्या अक्षराचा पाय तुटला.

"परत कर," मी म्हणाले. "हळू."